सत्तेचाळीस नंबरची साखळी

जून लागला की ग्रेसन गावात लग्न ठरलेली जोडपी येऊ लागत. खिंडीतला बर्फ वितळून रस्ता मोकळा होण्याचाच अवकाश, की शनिवारी खाणीच्या फाटकाशी शहराकडच्या दोन-तीन गाड्या उभ्या. पोरगी उंच टाचांचे जोडे हातात धरून खडीवरून अनवाणी चालत यायची, पोरगा इस्त्रीच्या शर्टात अवघडलेला, मागे सामान सावरत फोटोग्राफर. राखणदार स्टॅन्को व्हिडमार सुकवणीचं कुलूप काढून बाजूला उभा राहायचा.

सुकवणी म्हणजे खाणकऱ्यांची कपडे बदलायची लांबलचक खोली. खाण चालू होती तेव्हा इथे दर माणसाची एक साखळी असे. साखळी आढ्याच्या कप्पीवरून खाली येई आणि भिंतीतल्या खुंटीला अडकवलेली असे, खुंटीवर नंबर. सकाळी अंगावरचे घरचे कपडे कॅनव्हासच्या थैलीत भरायचे, तोंडाला दोरीची गाठ मारायची, थैली साखळीला लावून वर ओढायची आणि पाताळात उतरायचं. संध्याकाळी थैली खाली घ्यायची आणि तिच्या जागी चिखलाने थबथबलेले कामाचे कपडे वर चढवायचे. ते रात्रभर बिनडोक्याच्या माणसांसारखे वर लोंबकळत सुकायचे. आता खोलीत दीडशे साखळ्या होत्या आणि सगळ्या रिकाम्या होत्या. एक सोडून.

“हव्या तितक्या साखळ्या खालीवर करा,” स्टॅन्को येणाऱ्यांना सांगायचा. “सत्तेचाळीसला फक्त हात लावायचा नाही.”

“का हो, बाबा?”

“कप्पी खराब आहे. डोक्यात पडेल.”

अकरा वर्षं तो हे एकच उत्तर देत आला होता, आणि अकरा वर्षांत कुणालाही दुसरा प्रश्न सुचला नव्हता. लग्न ठरलेल्या माणसांना प्रश्न कमीच सुचतात.

शहरच्यांना ही जागा खाण बंद पडल्यावर सापडली. गावच्या पोरी मात्र खाण चालू असल्यापासून इथे फोटो काढून घेत आल्या होत्या. लग्न ठरलं की रविवारी पोरगी सुकवणीत यायची, आपल्या माणसाच्या साखळीखाली उभी राहायची आणि एक हात साखळीवर ठेवायची. तो फोटो निघाला की ठरलं. पुढचं चर्चमधलं सगळं लोकांना जेवायला घालण्यापुरतं. स्टॅन्कोच्या घरात भिंतीवर त्याच्या बायकोचा, फ्रान्त्स्काचा, तसला फोटो होता. त्यात ती मान आखडून हसत होती, कारण नेमक्या त्या क्षणी वरच्या कुणाच्या तरी विजारीतून गार पाण्याचा थेंब तिच्या मानेवर पडला होता. ती गेली त्यालाही आता एकोणीस वर्षं होत होती. त्यांचा पोरगा मॅटी तेव्हा सतरा वर्षांचा होता.

स्टॅन्कोने तीस वर्षं खाणीत लाकडी आधार बसवले, त्यातली शेवटची दहा रात्रपाळीत. त्याचा बाप त्याच खाणीत धूळ खाऊन खाऊन मेला, तरी मॅटीने खाणीत जायचं ठरवलं तेव्हा स्टॅन्कोला मनातून बरंच वाटलं. ते त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही. मुकादमाच्या मागे लागून त्याने पोराला सत्तेचाळीस नंबर मिळवून दिला. तो आजोबाचा नंबर होता आणि बरोबर वाफेच्या नळावर होता. दीडशे जागांत तेवढी एकच जागा अशी, की पाळी संपवून आलेल्या माणसाला घरचा शर्ट तव्यावरून काढल्यासारखा गरम मिळायचा. लोक त्या नंबरासाठी वर्षानुवर्षं थांबत. “बापाने दुसरं काही दिलं नाही,” स्टॅन्को पोराला म्हणाला होता, “एवढं तरी घे.” मॅटी हसला होता. डाव्या हाताने काम करणारं पोर; थैलीची गाठसुद्धा उलटी मारायचं. स्टॅन्कोने ती सुलटी मारायला शिकवायचा दोन हिवाळे प्रयत्न केला आणि मग नाद सोडला.

मॅटी पंचवीस वर्षांचा असताना तिसऱ्या पातळीवर छत कोसळलं. दिवसपाळीचे तीन जण गेले. मॅटी एक, म्हातारा हेडली ट्रेगिअर दुसरा, आणि तिसरा एक दूरगावचा, त्याला त्याचे लोक घेऊन गेले.

मेलेल्याची साखळी कशी उतरवायची याची ग्रेसनला रीत होती. पुरुषाने फक्त आपली साखळी सोडायची, दुसऱ्याच्या साखळीला त्याने हात लावायचा नाही. मेलेल्याची साखळी त्याच्या बाईने सोडायची. बायको, नाहीतर आई, नाहीतर जिचा त्या साखळीखाली फोटो निघाला आहे ती. थैली आली की ती उघडायची नाही. खाली जाताना माणसाने जी गाठ मारली ती त्याची शेवटची. ती तशीच ठेवून थैली शवपेटीत त्याच्या पायाशी द्यायची.

मॅटीला आई नव्हती. देलफिना होती. आदल्याच शरद ऋतूत सत्तेचाळीसखाली तिचा फोटो निघाला होता. दफनाच्या आदल्या दिवशी दुपारी ती सुकवणीच्या दारात आली, काळा कोट घालून. दार अडवून स्टॅन्को उभा होता.

“फोटोने कुणी बायको होत नाही,” तो तिला म्हणाला. “घरी जा.”

ती गेली. त्यानंतर अर्ध्या तासाने हेडलीची बायको विनी ट्रेगिअर आली. कंपनीच्या कारकुनाने वही बघून तिला दाराजवळच्या सहा नंबरशी नेलं. तिने साखळी सोडली आणि थैली छातीशी धरून ती निघून गेली. हेडली थैलीसह पुरला गेला. मॅटीच्या पायाशी काही नव्हतं. महिन्याभरात खाण बंद पडली, गावच्या इतिहास मंडळाने स्टॅन्कोला राखणदार नेमलं, आणि सत्तेचाळीस नंबरची थैली वर तशीच राहिली. रोज सकाळी तो दार उघडून आधी वर बघायचा. थैली वर आहे म्हणजे माणूस खाली आहे, अजून पाळी संपलेली नाही. असं तो मनात म्हणत नसे. पण वर बघितल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नसे.

या जूनमध्ये एका बुधवारी देलफिना त्याच्या घरी आली.

“कॉफी नको, पापा. उभ्याउभ्या आलेय.” मॅटी त्याला पापा म्हणायचा, म्हणून तीही म्हणायची. मॅटी गेल्यावरही तिने ते बदललं नव्हतं.

“मग उभ्याउभ्या सांगतात तेवढंच सांग.”

“माझं ठरलंय.”

“ठाऊक आहे. पोस्टात कळलं. मी मरेन तेव्हा मलाही आधी पोस्टातच कळेल.”

“ग्रँट नाव आहे. पलीकडच्या डोंगरावर बर्फात खेळणाऱ्यांना वर नेणारे पाळणे आहेत ना, ते दुरुस्त करतो.”

“म्हणजे तोही साखळ्याच ओढतो.”

“तारा, पापा. पोलादी तारा.” ती किंचित हसली आणि मग हसू आवरून खुर्चीवर बसली. “शनिवारी फोटो आहे. सुकवणीत.”

“चर्चच्या पायरीवर काढा. उजेड चांगला असतो.”

“माझ्या आईचा सुकवणीत आहे. आजीचा आहे. मी एकटीने पायरीवर काय म्हणून उभं राहायचं?” तिने टेबलावरची मिठाची बाटली उचलून परत ठेवली. “आणि ती थैली डोक्यावर लटकत असताना मी तिच्याखाली दुसऱ्याचा हात धरून उभी राहू शकत नाही. पण ते जाऊ दे. फोटो नंतरही काढता येईल. दुसरं सांगते ते ऐका. शनिवारी माझा ग्रँटबरोबर फोटो निघाला की मॅटीच्या साखळीवरचा माझा हक्क संपला. मग ती कोण सोडणार? तुम्हाला रीतीने सोडता येत नाही. आई नाही. मग ती काय, छत पडेपर्यंत वरच?”

“राहू दे वर. कुणाचं काय खाते?”

“तुम्हाला खाते.”

स्टॅन्को खिडकीकडे गेला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

“त्या दिवशी तुम्ही मला परत पाठवलंत,” ती मागून म्हणाली. “मी बावीस वर्षांची होते. भांडता नाही आलं. आज एकतीस नाही, तेहतीस वर्षांची आहे. आज भांडायलाच आलेय.”

“वयही नीट आठवत नाही आणि भांडायला आलीस.”

“पापा.”

थैली खाली आल्यावर रोज सकाळी कुठे बघायचं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात होता आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. थैली मातीत जाईल, पोराच्या पायाशी. जिथे ती अकरा वर्षांपूर्वी जायची होती, आणि गेली नाही ती त्याच्यामुळे. हेही त्याला ठाऊक होतं. ते ठाऊक असणं म्हणजे जोड्यात खडा घेऊन चालण्यासारखं होतं. सवय झाली तरी खडा असतोच.

“उद्या सकाळी ये,” तो म्हणाला. “काळा कोट नको घालूस.”

गुरुवारी सकाळी सुकवणीत दोघंच होती. देलफिनाने खुंटीवरून साखळी काढली. कप्पी अकरा वर्षांनी फिरली आणि तिच्यातून गंजाची पूड दोघांच्या डोक्यांवर पडली. थैली हिसके खात खाली आली. स्टॅन्को हात मागे बांधून उभा होता. रीत ती रीत. देलफिनाने थैली साखळीवरून सोडवली आणि बाळाला घेतात तशी दोन्ही हातांवर घेतली.

“जड आहे,” ती म्हणाली.

स्टॅन्कोने गाठ बघितली.

आधी त्याला काय दिसतंय ते कळलंच नाही. नुसतं काहीतरी चुकलंय एवढंच कळलं, ओळखीच्या घरात कुणी खुर्ची हलवून ठेवावी तसं. मग तो वाकला आणि बोट न लावता दोरी कुठून कुठे जाते ते डोळ्यांनी बघत गेला. सुलटी गाठ होती. दुहेरी, काळजीपूर्वक मारलेली, उरलेलं टोक आत खोचलेलं.

“ही मॅटीची गाठ नाही.”

“अकरा वर्षांपूर्वीची गाठ तुम्हाला—”

“ही उजव्या हाताच्या माणसाची गाठ आहे, देलफिना. म्हाताऱ्या माणसाची. टोक बघ, आत खोचलंय. मॅटीने आयुष्यात कधी टोक खोचलं नाही.”

न उघडायची ती गाठ स्टॅन्कोने उघडली. थैलीत जाड लोकरीची बंडी होती, घरी विणलेली, खांद्यांना ठिगळं लावलेली. पत्र्याच्या डबीत चष्मा. खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी पुडी. बंडीच्या आत, गळ्याजवळ, कापडाचा तुकडा शिवून त्यावर लाल धाग्याने नाव घातलं होतं, शाळेत जाणाऱ्या पोराच्या कपड्यांवर घालतात तसं. एच. ट्रेगिअर.

“हेडली,” स्टॅन्को म्हणाला. “हेडलीची थैली इथे कशी?”

देलफिना भिंतीतल्या वाफेच्या नळाकडे बघत होती. नळ आता गार होता, रंग उडालेला.

“शेवटच्या हिवाळ्यात,” ती हळू म्हणाली, “मॅटी पाळी संपवून आला की त्याचा शर्ट बर्फासारखा असायचा. मी गाल टेकवला की शहारायची. एकदा ओरडलेही त्याच्यावर. म्हटलं, तुझी जागा एवढी गरम, बाप गावभर सांगत फिरतो, मग हे काय? म्हणाला, नळ बिघडलाय.”

“नळ कधीच बिघडला नव्हता. मी रात्रपाळीला रोज हात शेकायचो त्याच्यावर.”

“हेडलीकाका खोकायचे,” देलफिना म्हणाली.

दोघांनीही दाराकडे बघितलं. सहा नंबरची खुंटी दाराच्या अगदी लगत होती. दार उघडलं की सगळा डोंगर आत यायचा अशी ती जागा. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला पोराने उबेची जागा दिली होती आणि स्वतः दारात गेला होता. वहीत नंबर बदलला नाही, कारण वही मुकादमाकडे असायची, आणि मुकादमाकडून ते बापाला कळलं असतं. बापाने आयुष्यात मिळवून दिलेली एकच गोष्ट त्याने देऊन टाकली होती. ते बापाला कसं सांगणार?

“मग विनीकाकूंनी नेली ती...” देलफिना म्हणाली आणि थांबली.

“हो.”

“पेटीत गेली.”

“हो.”

“पापा, मी त्या दिवशी साखळी सोडली असती तर...”

“मला कळलंय ते,” स्टॅन्को म्हणाला. “बोलू नकोस.”

त्या दिवशी तिने ती सोडली असती तर मागे उभ्या असलेल्या त्याला गाठ दिसली असती. पेट्या दोन्ही अजून जमिनीवर होत्या. अर्ध्या तासात विनी येणार होती. दोन थैल्यांची अदलाबदल करायला किती वेळ लागतो? जोड्याचे बंद बांधायला लागतो तेवढा.

विनी ट्रेगिअर चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि गुरुवारी तिचा पेस्टीचा दिवस असे. बटाटा, सलगम आणि मांस भरून ती पिठाच्या कडा दुमडत होती. स्टॅन्कोने थैली पिठाळ टेबलावर ठेवली आणि जे होतं ते तीन-चार वाक्यांत सांगितलं. तिची बोटं दुमडत राहिली. एक पेस्टी पुरी झाली, मग तिने हात पुसले.

“बंडी दाखव.”

त्याने काढून दिली.

“हीच,” ती म्हणाली. “तो जायच्या आधी आठवडाभर घरी दिसेना, मी गावभर शोधली; उबेला तिथेच ठेवत होता तर. म्हटलं, म्हाताऱ्याने दारूत घालवली असेल. अकरा वर्षं शिव्या घातल्यात मी त्याला हिच्यासाठी, राजा.” तिने डबीतला चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि खिडकीबाहेर बघितलं. “बघ की. आता मलाच याच्यातून चांगलं दिसतं.”

स्टॅन्को उभाच होता.

“थैली हलकी लागली होती मला,” विनी म्हणाली. “त्या दिवशी. मला वाटलं, माणूस किती वाळला होता शेवटी, त्याचे कपडेही वाळले असतील. बाईच्या डोक्यात काय काय येतं.” तिने चष्मा काढला नाही. “म्हणजे माझ्या हेडलीच्या पायाशी तुझा पोरगा आहे.”

“त्याचे कपडे.”

“तेच ते. उकरायचं का? पाद्रीला विचारावं लागेल. कचेरीत कागद लागतील.”

“नको.”

“मला चालेल हो. मी हेडलीला सांगेन समजावून.”

“नको म्हटलं ना, विनी.”

ती त्याच्याकडे चष्म्यातून बघत राहिली. तिचे डोळे मोठे मोठे दिसत होते. “हेडलीचे पाय झोपेत भट्टीसारखे तापायचे,” ती म्हणाली. “जानेवारीतसुद्धा मी पांघरूण ढकलायची. पोराला थंडी नाही वाजणार, राजा.”

मग तिने थैली आपल्याकडे ओढली. स्टॅन्कोच्या मुठीत अजून थैलीचं तोंड होतं. अकरा वर्षं रोज सकाळी त्याने जिच्याकडे मान वर करून बघितलं ती ही थैली होती. दुसऱ्याची असली तरी बघितलं त्याने होतं.

“सोड,” विनी म्हणाली. “माझी आहे ती.”

त्याने सोडली.

शनिवारी ग्रँट आला. उंच, लाजाळू, हाताला वंगणाचे न जाणारे डाग. त्याने स्टॅन्कोचा हात जरा जास्तच वेळ हातात धरला. देलफिनाने त्याला सांगितलं असावं. फोटोग्राफर म्हणून एक तरुण बाई होती, शहराकडची, पण वागायला चांगली. ती खोलीभर हिंडली, डोळे बारीक करून खिडक्या बघितल्या आणि म्हणाली, “इथे. इथला उजेड सगळ्यांत मऊ आहे.” ती सत्तेचाळीसखाली उभी होती.

देलफिनाने स्टॅन्कोकडे बघितलं. मग ती गेली आणि तिथे उभी राहिली. तिने हात साखळीवर ठेवला, ग्रँटने तिच्या हातावर आपला. देलफिना हलकी झालेली दिसत होती. स्टॅन्कोला ते बरं वाटलं आणि खुपलंही, एकाच ठिकाणी. ती जागा कुणाचीच नव्हती आता. तिच्याखाली कुणीही उभं राहावं.

तो दारापाशी गेला. सहा नंबरच्या खुंटीला खांदा लावून दारातच उभा राहिला. मागून डोंगराचा वारा येत होता, जूनमध्येसुद्धा बर्फाचा वास असलेला. शर्टातून तो पाठीला झोंबू लागला. एक अख्खा हिवाळा पोराने रोज इथून शर्ट काढून अंगात घातला होता, आणि वर घरी येऊन बापाला म्हटलं होतं, हो पापा, मस्त गरम असतो.

“बाबा, दारातून जरा सरकाल का?” फोटोग्राफर म्हणाली. “जमिनीवर तुमची सावली येतेय.”

स्टॅन्कोला ऐकू आलं होतं. पाय हलले नाहीत.

“बाबा?”

“असू दे,” देलफिना म्हणाली.

“पण फोटोत येईल—”

“येऊ दे म्हटलं. काढ तू.”

फोटोग्राफरने खांदे उडवले आणि काढायला लागली. तासभर ते चाललं. स्टॅन्को तिथून हलला नाही. सावली लांब होत गेली आणि शेवटी शेवटी दोघांच्या पायांपर्यंत पोचली असावी. त्याने बघितलं नाही.

जुलैच्या अखेरीला देलफिना फोटो घेऊन आली. मोठा, काचेच्या चौकटीत घातलेला. या वेळी ती कॉफी प्यायली, लग्नाची तारीख सांगितली, ग्रँटला डोंगरापलीकडे घर मिळतंय म्हणाली. “तुम्ही यायचं, पापा. पुढच्या बाकावर.” स्टॅन्को हो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने फोटो खिडकीपाशी नेला. दोघं छान आली होती. साखळीच्या कड्या एक एक मोजता याव्यात अशा. जमीन नितळ होती, उन्हाचा लांब पट्टा दारापासून त्यांच्या पावलांपर्यंत अखंड. त्याने चौकट तिरपी करून बघितली, मग चष्मा लावून बघितलं. दार उघडं होतं आणि दारात कुणी नव्हतं. फोटोग्राफर कामाला चोख होती. न विचारता तिने त्याला सावलीसकट पुसून टाकलं होतं, आणि देलफिनाच्या ते लक्षात आलेलं नव्हतं.

भिंतीवर फ्रान्त्स्काच्या फोटोशेजारी खिळा होता. त्याने चौकट त्यावर टांगली आणि एका बाजूला कलत होती ती बोटाने सरळ केली.